कॉन्फिग फाईलमधल्या जर-तरच्या डिपेन्डन्सी कशा सोडवायच्या: पहिल्यांदा पार्सर लिहिणाऱ्यांसाठी

कॉन्फिग फाईल वाचणारा पार्सर लिहायला बसलं की सुरुवातीला लई सोपं वाटतं, लाईन वाचा, बरोबरच्या चिन्हावर तोडा, डिक्शनरीत टाका, झालं काम. पण फाईलमध्ये एकदा का "हे लागतं, पण अमुक असलं तरच" अशी लाईन आली की गाडी अडते. कारण बहुतेक पोरं लाईन वाचता वाचताच ठरवून टाकतात की ही डिपेन्डन्सी घ्यायची का सोडायची, आणि ज्या व्हॅल्यूवर ते ठरणार असतं ती व्हॅल्यू फाईलमध्ये अजून खाली कुठंतरी असते, मग कधी बरोबर चालतं, कधी नाही, आणि कामून ते कळत नाही. त्यामुळं आधीच सांगतो: वाचणं वेगळं, कंडिशन ठरवणं वेगळं, क्रम लावणं वेगळं. तीन वेगळे टप्पे, तीन वेगळी फंक्शन्स, आणि पहिल्या टप्प्यानं दुसऱ्याचं काम करायचं नाही.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. जालन्याकडं मोसंबीच्या बागा, कडवंचीसारख्या गावांत शेततळी, कुठं बोअर, कुठं विहीर. समजा ठिबकच्या कंट्रोलरसाठी एक कॉन्फिग फाईल आहे, आणि कोणता भाग कोणाच्या आधी चालू करायचा ते पार्सरनं काढून द्यायचंय. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ येतं म्हणून तिथं सँड फिल्टर लागतो, बोअरच्या पाण्यात वाळू येते म्हणून तिथं हायड्रोसायक्लोन. खत सोडायचं असेल तर व्हेंच्युरी. म्हणजे डिपेन्डन्सी आहेतच, पण सगळ्या जर-तरच्या. लाईन नंबर टाकून फाईल देतो, पुढं त्या नंबरांचं काम पडणार आहे:

१  [सेटिंग]
२  स्रोत = शेततळं
३  खत = हो
४
५  [मोटर]
६
७  [सँडफिल्टर]
८  लागतं = मोटर
९
१०  [हायड्रोसायक्लोन]
११  लागतं = मोटर
१२
१३  [व्हेंच्युरी]
१४  लागतं = मोटर
१५  लागतं = सँडफिल्टर जर स्रोत == शेततळं
१६
१७  [डिस्कफिल्टर]
१८  लागतं = मोटर
१९  लागतं = सँडफिल्टर जर स्रोत == शेततळं
२०  लागतं = हायड्रोसायक्लोन जर स्रोत == बोअर
२१  लागतं = व्हेंच्युरी जर खत == हो
२२
२३  [ठिबक]
२४  लागतं = डिस्कफिल्टर

पायरी १: नुसतं वाचा

या पायरीत प्रत्येक लाईनची एक नोंद करायची, त्यात सेक्शनचं नाव, की, व्हॅल्यू, "जर"च्या पुढचा मजकूर जसाच्या तसा, आणि लाईन नंबर. लाईन नंबर आत्ताच ठेवा, नंतर तो कुठूनच मिळत नाही आणि त्याच्याशिवाय एरर मेसेज काही कामाचा राहत नाही.

लाईन १५ बघा, त्यात बरोबरचं चिन्ह तीन वेळा आलंय. एक सुटं, दोन जोडून. तोडायचं ते फक्त पहिल्या चिन्हावर. आणि "लागतं" ही की एकाच सेक्शनमध्ये परत परत येते, त्यामुळं पायथनचा तयार कॉन्फिगपार्सर वापरला तर तो डुप्लिकेट ऑप्शनची एरर देऊन थांबतो, कारण त्याचा स्ट्रिक्ट मोड डिफॉल्टनंच चालू असतो. तो बंद केला तर शेवटची व्हॅल्यू आधीच्यांवर चढते आणि अर्ध्या डिपेन्डन्सी गुपचूप गायब, हे तर त्याहून वाईट. अशा फाईलसाठी वाचणारं फंक्शन स्वतः लिहिलेलं बरं, तीस-चाळीस लाईनीचं काम आहे.

आता मराठीत की आणि व्हॅल्यू ठेवायच्या असतील तर थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं, आणि हे इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सापडत नाही म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो. फाईल यूटीएफ-८ म्हणूनच उघडा, आणि सुरुवातीला बीओएम असला तर तो काढून टाका, नाहीतर पहिल्या लाईनच्या कंसाआधी एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि पार्सर म्हणतो सेक्शनच नाही. त्यानंतर सगळा मजकूर एनएफसी नॉर्मलायझेशनमधून काढा, म्हणजे नुक्त्याचं अक्षर एकानं अखंड टाईप केलं आणि दुसऱ्यानं अक्षर वेगळं नुक्ता वेगळा असं टाईप केलं तरी दोन्ही एकच होतात. पण एवढ्यानं भागत नाही. "वाऱ्याचावेग" अशी की असेल तर त्यातलं ऱ्य दोन प्रकारे टाईप होतं, एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, डिक्शनरीत दोन वेगळ्या की होतात, आणि एनएफसी त्या जॉइनरला हातही लावत नाही. बरं, जॉइनर नुसता पुसून टाकला तर ऱ्यचा र्य होतो, म्हणजे शब्दच बदलला. म्हणून "र, हलन्त, जॉइनर" अशी तिकडी दिसली की तिथं ऱ आणि हलन्त टाका, आणि मग पुढं चला.

आकड्यांचं बघा: पायथनचं इंट फंक्शन देवनागरी आकडे नीट घेतं, '१२' दिलं तर बारा मिळतात. जावास्क्रिप्टचं नंबर घेत नाही, तिथं "नंबर नाही" असं उत्तर येतं. म्हणून आकडे वाचतानाच एका ठरलेल्या लिपीत बदलून घ्या, म्हणजे उद्या तीच फाईल दुसऱ्या भाषेतल्या प्रोग्रामनं वाचली तरी घोळ नाही.

पायरी २: कंडिशनचं झाड करा

"जर"च्या पुढचा मजकूर आता उघडायचा. इथं ईव्हॅल वापरायचा मोह होतो, एका लाईनीत काम होतं, पण करू नका. कॉन्फिग फाईल कोणीही पाठवतं, व्हॉट्सॲपवर सुद्धा, आणि ईव्हॅल म्हणजे त्या फाईलमध्ये लिहिलेला कुठलाही कोड तुमच्या मशीनवर चालू देणं. त्यापेक्षा एक छोटं व्याकरण ठरवा: तुलना, "आणि", "किंवा", "उलट", आणि कंस. बस, एवढंच.

"उलट" कामून म्हणलं, सरळ "नाही" का नाही? कारण "नाही" ही आपल्याकडं व्हॅल्यू पण आहे, खत == नाही. एकच शब्द व्हॅल्यू पण आणि ऑपरेटर पण झाला की टोकन, म्हणजे शब्द-चिन्हांचे सुटे तुकडे, तोडणारा कोड गोंधळतो. यॅमलच्या १.१ व्हर्जनमध्ये असाच प्रकार आहे, तिथं अवतरणचिन्हाशिवाय नो लिहिलं की ते आपोआप 'असत्य' होतं, आणि देशांच्या यादीत नॉर्वेचा कोड नेमका तोच आहे, त्यामुळं नॉर्वेच्या जागी 'असत्य' येऊन बसतं.

झाड, म्हणजे कंडिशनचा कोणता तुकडा कोणाच्या आत ते दाखवणारी रचना, करायला चार फंक्शन्स पुरतात, एक दुसऱ्याला बोलावतं. किंवा-वाचा हे आधी आणि-वाचाला बोलावतं, आणि पुढं "किंवा" दिसेल तोवर परत परत बोलावत राहतं. आणि-वाचा तसंच उलट-वाचाला बोलावतं. उलट-वाचा बघतं की पुढं "उलट" शब्द आहे का, असला तर तो खातं आणि स्वतःलाच परत बोलावतं, नसला तर तुलना-वाचाकडं जातं. तुलना-वाचाला कंस दिसला तर ते आतल्या भागासाठी परत किंवा-वाचाला बोलावतं, नाहीतर नाव, चिन्ह, व्हॅल्यू असे तीन तुकडे घेतं. कोण कोणाला बोलावतं त्यातूनच आपोआप ठरतं की "उलट" सगळ्यात घट्ट, मग "आणि", मग "किंवा". याला रिकर्सिव्ह डिसेंट म्हणतात, आणि कागदावर एक कंडिशन घेऊन बोटानं चालवून बघितलं की डोक्यात पक्कं बसतं. शेवटी मजकूर उरला तर एरर द्या. उरलेला मजकूर गिळून टाकणारे पार्सर लई असतात आणि "स्रोत == बोअर खत == हो" अशी मधला "आणि" विसरलेली लाईन ते अर्धीच वाचतात.

पायरी ३: हो, नाही, आणि माहीत नाही

आता कंडिशन खरी का खोटी ते काढायचं, आणि नवीन माणूस सगळ्यात जास्त इथंच अडकतो. समजा लाईन २ कोणी लिहिलीच नाही. मग स्रोत == शेततळं हे खोटं आहे का? नाही हो, आपल्याला ते माहीतच नाही. त्याला खोटं धरलं तर सँड फिल्टर गळतो, शेवाळ ठिबकच्या नळ्यांत जातं आणि ड्रिपर चोक होतात, आणि पार्सरनं तर एक शब्दही कुरकुर केलेली नसते.

लिनक्स कर्नलची कॉन्फिग पद्धत, केकॉन्फिग, ही या कामातली शिकण्यासारखी गोष्ट आहे. २००२ मध्ये ती कर्नल २.५.४५ मध्ये आली आणि आजही चालू आहे. तिथं फीचर बंद असेल तर तयार झालेल्या फाईलमध्ये ती लाईन पुसली जात नाही, "अमुक सेट नाही" अशी कॉमेंटसारखी दिसणारी लाईन लिहिली जाते, आणि ती वाचलीही जाते. म्हणजे "नाही म्हणून ठरवलंय" आणि "अजून विचारलंच नाही" या दोन गोष्टी वेगळ्या राहतात, आणि कर्नलची नवीन व्हर्जन आली की फक्त न विचारलेल्याच गोष्टी विचारल्या जातात. आपल्या फाईलमध्ये पण हेच पाळा, बंद असेल तर "खत = नाही" असं लिहायला लावा.

तीन व्हॅल्यूंचं गणित करायची युक्ती पण तिथूनच घेता येते. केकॉन्फिगमध्ये बंद, मॉड्यूल आणि चालू अशा तीन व्हॅल्यू आहेत, त्यांना ०, १, २ धरतात, "आणि" म्हणजे दोन्हीतला लहान, "किंवा" म्हणजे दोन्हीतला मोठा, "उलट" म्हणजे २ वजा ती व्हॅल्यू. त्यांच्या १ चा अर्थ वेगळा आहे, पण आपण १ ला "माहीत नाही" म्हणलं तरी हेच गणित जसंच्या तसं लागू पडतं. करून बघा: खत == हो आणि स्रोत == बोअर, फाईलमध्ये "खत = नाही" लिहिलंय म्हणजे ०, स्रोत माहीत नाही म्हणजे १, लहान ०, म्हणजे उत्तर ठरलं, कंडिशन खोटी. स्रोत माहीत नसला तरी अडलं नाही. पण खत हो असेल तर २ आणि १ मधला लहान १, म्हणजे अजून ठरलं नाही, आता स्रोत विचारावाच लागणार. एसक्यूएलमध्ये नल आलेल्या कंडिशन ज्यांनी लिहिल्यात त्यांना हे ओळखीचं वाटेल.

सगळं झाल्यावर एखाद्या कामाच्या डिपेन्डन्सीची कंडिशन १ वरच राहिली तर एरर द्या आणि कोणती सेटिंग लिहायची राहिली ते सांगा. पण सेटिंगचं नावच चुकीचं असेल, म्हणजे स्रोतच्या जागी "स्त्रोत", तर ते "माहीत नाही"मध्ये ढकलू नका, ती सरळ एरर आहे. केकॉन्फिगमध्ये अस्तित्वातच नसलेल्या नावावर अवलंबून राहिलं तर ते नाव गुपचूप बंद धरलं जातं, आणि अशी मेलेली नावं शोधायला कर्नलमध्ये वेगळी स्क्रिप्ट ठेवावी लागली. व्हॅल्यूंची पण यादी ठरवून घ्या. माणसं शेततळं पण लिहितात आणि शेततळे पण, दोन्ही बरोबर मराठी आहे पण तुलनेत दोन वेगळे शब्द. यादीत नसलेला शब्द आला की "शेततळं म्हणायचंय का?" असं विचारा, पायथनच्या डिफलिबमध्ये जवळचा शब्द शोधायची सोय तयार आहे.

व्हर्जन नंबरची तुलना असेल तर तुकडे पाडून आकड्यांनी करा. अक्षरांनी केली तर ३.१० हे ३.९ पेक्षा लहान ठरतं, कारण १ हा ९ च्या आधी येतो. २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं तेव्हा असे कितीतरी चेक उघडे पडले होते.

पायरी ४: लूप कुठं आहे ते दोनदा बघा

इथं जरा सावकाश वाचा. लूप, म्हणजे पहिल्याला दुसरं लागतं आणि दुसऱ्याला परत पहिलं, दोन जातीचे असतात आणि त्यांना वेगवेगळ्या वेळी पकडायचं असतं.

पहिली जात सेटिंगमधली. समजा दाबाची डिफॉल्ट व्हॅल्यू स्रोतावरून ठरते आणि स्रोताची डिफॉल्ट व्हॅल्यू दाबावरून. हा लूप कंडिशन काढायला घ्यायच्या आधीच पकडला पाहिजे, कारण कंडिशन काढता काढताच तुम्ही त्यात फिरत बसणार. इथं कंडिशन खरी का खोटी न बघता प्रत्येक उल्लेख धरायचा.

दुसरी जात भागांमधली, आणि इथं उलटं आहे. समजा शेततळं भरायला आणि बागेला पाणी द्यायला एकच मोटर आहे, आणि फाईलमध्ये असं लिहिलंय:

[मोटर]
लागतं = तळंपातळी जर काम == सिंचन

[तळंपातळी]
लागतं = मोटर जर काम == भरण

पाणी देताना आधी तळ्यात पाणी आहे का बघायचं मग मोटर, भरताना आधी मोटर मग पातळी. नुसत्या लाईनी बघितल्या तर मोटर आणि तळंपातळी एकमेकांवर अवलंबून, म्हणजे लूप. पण काम एका वेळी एकच असतं, दोन्ही लाईनी एकत्र कधीच जाग्या होत नाहीत. त्यामुळं भागांमधला लूप कंडिशन काढून खोट्या लाईनी गाळल्यावरच शोधायचा, आधी शोधला तर चांगली फाईल नाकारली जाते.

हे सगळं सरळ राहावं म्हणून माझं ठाम मत आहे की कंडिशनमध्ये फक्त सेटिंगचीच नावं येऊ द्यावीत, "सँडफिल्टर चालू असेल तर" अशी भागांची चालू-बंद अवस्था येऊ देऊ नये. एकदा ती आली की "फिल्टर बंद असेल तर बायपास चालू" आणि "बायपासला फिल्टर लागतो" अशा दोन लाईनी कोणीतरी लिहितं, आणि मग फिल्टर आला की बायपास जातो, बायपास गेला की फिल्टर कोणालाच नको, फिल्टर गेला की परत बायपास. त्याला उत्तरच नाही. मोठ्या सिस्टिमना ही मोकळीक द्यावी लागते आणि त्यासाठी त्या मोठे सॉल्व्हर बाळगतात, आपल्याला त्याची गरज नाही.

अजून एक फरक इथंच सांगतो. "लागतं" म्हणजे नसलं तर मी चालणार नाही, आणि "सोबत आणतं" म्हणजे मी चालू झालो की त्याला पण चालू करा. केकॉन्फिगमध्ये पहिल्याला डिपेन्ड्स ऑन आणि दुसऱ्याला सिलेक्ट म्हणतात, आणि सिलेक्ट हा ज्याला चालू करतो त्याच्या स्वतःच्या डिपेन्डन्सी पुऱ्या झाल्या का ते बघत नाही, म्हणून तिथल्या डॉक्युमेंटेशनमध्येच जपून वापरायला सांगितलंय. आपल्या फाईलमध्ये "लागतं" म्हणजे हवं ते शोधून घ्या, आणि त्याच्याही डिपेन्डन्सी पूर्ण करा, असा एकच अर्थ ठेवलाय. शब्द एक असू द्या नाहीतर दोन, पण अर्थ आधी लिहून ठेवा.

पायरी ५: क्रम लावा

आधी ठिबकपासून उलटं चालत जा आणि जे जे लागतं ते गोळा करा. स्रोत शेततळं असल्यामुळं लाईन २० गळाली, म्हणून हायड्रोसायक्लोन यादीत येतच नाही. राहिले पाच.

आता आर्थर कान (Kahn) नावाच्या माणसाचा १९६२ चा, क्रम लावायचा अल्गोरिदम. प्रत्येक भागाला अजून किती गोष्टी लागतात ते मोजा: मोटर ०, सँडफिल्टर १, व्हेंच्युरी २, डिस्कफिल्टर ३, ठिबक १. ज्याचा आकडा ० तो काढा, आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांचा आकडा एकनं कमी करा. मोटर काढली की सँडफिल्टर ०, व्हेंच्युरी १, डिस्क २. सँडफिल्टर काढला की व्हेंच्युरी ०, डिस्क १. मग व्हेंच्युरी, मग डिस्क, शेवटी ठिबक. पायथन ३.९ पासून ग्राफलिबमध्ये हे तयार मिळतं, पण एकदा हातानं लिहाच. काही भाग उरले आणि कोणाचाच आकडा ० नाही, म्हणजे लूप आहे. उरलेल्यातले सगळेच लूपमध्ये नसतात हं, काही नुसते लूपच्या मागं अडकलेले असतात, म्हणून एका उरलेल्यापासून "तुला अजून काय लागतं" असं विचारत चला, जो भाग दुसऱ्यांदा भेटला तिथून लूप दाखवा.

आता स्रोत = बोअर करून बघा. मोटर काढली की हायड्रोसायक्लोन ० आणि व्हेंच्युरी पण ०, दोघं एकदम तयार. कोण आधी? फाईलमधल्या लाईन नंबरानं ठरवा, म्हणजे प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं. लाईन १० आधी, म्हणून हायड्रोसायक्लोन आधी, आणि शेतात पण वाळू काढूनच खत सोडतात, म्हणजे क्रम बरोबर आला. पण तो नशिबानं आलाय. कोणी सेक्शन खालीवर केले की व्हेंच्युरी आधी येणार, कारण व्हेंच्युरीच्या सेक्शनमध्ये "लागतं = हायड्रोसायक्लोन जर स्रोत == बोअर" ही लाईनच लिहिलेली नाही. म्हणून डीबग मोडमध्ये असे एकदम तयार झालेले भाग प्रत्येक वेळी छापा. फाईलमध्ये राहून गेलेल्या डिपेन्डन्सी शोधायला याच्याइतका स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

पायरी ६: एरर माणसाला कळेल अशी द्या

फाईल लिहिणारा प्रोग्रामर नसतो, लातूर नाहीतर परभणीतला डीलर असतो, नाहीतर शेतकरी स्वतः. "डिपेन्डन्सी सापडली नाही" एवढं म्हणून त्याला काय कळणार. समजा सँडफिल्टरचा सेक्शनच कोणी उडवलाय, तर असं सांगा:

सँडफिल्टर हा भाग फाईलमध्ये नाही.
व्हेंच्युरीला तो लागतो, कारण स्रोत == शेततळं
डिस्कफिल्टरला व्हेंच्युरी लागते, कारण खत == हो
ठिबकला डिस्कफिल्टर लागतो

प्रत्येक ओळीच्या शेवटी लाईन नंबर जोडा. ही साखळी छापायला वेगळं काही करावं लागत नाही, पायरी ५ मध्ये भाग गोळा करताना "याला कोणी बोलावलं आणि कोणत्या लाईनीनं" एवढं सोबत लिहून ठेवायचं. आणि एका वेळी एकच एरर दाखवून थांबू नका, सापडतील तेवढ्या सगळ्या दाखवा, रेंज नसलेल्या शेतात उभं राहून फाईल परत परत पाठवायला कोणाला परवडत नाही.

पायरी ७: टेस्ट

स्रोत तीन प्रकारचा (शेततळं, बोअर, विहीर), खत दोन प्रकारचं (हो, नाही), म्हणजे ६ जोड्या. सहाही चालवा, प्रत्येकीचा अपेक्षित क्रम हातानं लिहून ठेवा. मग तीच फाईल सेक्शन उलटसुलट करून चालवा, उत्तर बदललं तर एकतर डिपेन्डन्सी लिहायची राहिलीय नाहीतर वाचणारं फंक्शन काहीतरी ठरवायलंय. एकेक सेटिंग पुसूनही चालवा, प्रत्येक वेळी एकतर क्रम आला पाहिजे नाहीतर नाव घेऊन एरर. हो-नाहीच्या सेटिंग वाढत वाढत २० झाल्या तर जोड्या १०,४८,५७६ होतात, तेव्हा सगळ्या चालवणं होत नाही, मग कोणत्याही दोन सेटिंगच्या सगळ्या जोड्या कुठंतरी एकदा तरी येतील अशा निवडक टेस्ट करा, त्या थोड्याच लागतात, आणि सोबत गिऱ्हाइकांकडून आलेली प्रत्येक खरी फाईल टेस्टच्या फोल्डरमध्ये टाकत चला.